त्र्याण्णव म्हणजे किती

गाडी आली तेव्हा तिच्या बॉनेटच्या आतल्या अंगाला एक कागद चिकटवलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, कडा तेलकट झालेला. त्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी, आणि खाली जाड पेनानं लिहिलेला आकडा: ९३. पांढुर्ण्याच्या त्या संत्र्याच्या गोदामात त्या दिवशी दहा-बारा शहाणे जमले होते. प्रत्येकानं तो आकडा वाचला होता आणि एकालाही तो कळला नव्हता. आज हे सांगतानाही माझ्या आवाजात तुच्छता येते, मला ठाऊक आहे. ती लपवायला गेले तर गोष्टच खोटी होईल.

मी पांढुर्ण्याजवळच्या सौंसरची. वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे. मी नागपुरात इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याजवळच्या एका इंजिन तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आठ वर्षं नोकरी केली. तिथं माझं काम म्हणजे कानाला यंत्र लावून इंजिनाचं ऐकत बसणं. पेट्रोल ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता, भलत्या वेळी पेटलं की इंजिन आतून ठोकल्यासारखं वाजतं. त्याला नॉकिंग म्हणतात. ते किती दाबाला, किती उष्णतेला, कुठल्या पेट्रोलवर सुरू होतं हे शोधण्यात माझी आठ वर्षं गेली. मग आईचं दुखणं निघालं, घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून परत आले आणि सरकारी आयटीआयमध्ये कंत्राटावर मोटर मेकॅनिक शिकवू लागले. आई गेली. मी राहिले.

त्या गोदामाचा मालक, शेठ, म्हणजे संत्र्याच्या बड्या व्यापाऱ्याचा मुलगा. वय चाळिशीला टेकलेलं. बापानं ट्रक उभे केले, गोदामं बांधली. यानं ती सांभाळली असं लोक म्हणायचे, म्हणजे बुडवली नाहीत. त्याला अचानक शर्यतीचा नाद लागला आणि त्यानं दक्षिणेतल्या कुणाकडून टर्बो बसवलेली एक जुनी शर्यतीची गाडी उचलली. गाडीबरोबर एक जाकीटही घेतलं. त्यावर आठ-दहा कंपन्यांची नावं शिवलेली होती आणि त्यातल्या एकाही कंपनीनं याला कधी साधं कॅलेंडरसुद्धा दिलं नव्हतं. ते जाकीट घालून तो बाजारात संत्र्याच्या बोलीला उभा राहायचा.

मला बोलावलं ते त्याच्या ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हर नदीपलीकडच्या सावरगावचा, पन्नाशीचा. म्हणजे गोटमारीच्या जत्रेत, दोन्ही गावं दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात त्या दिवशी, शेठच्या गावावर गोटे फेकणारा आणि उरलेलं वर्षभर शेठचा माल नागपूरच्या बाजारात पोहोचवणारा. त्याच्याइतकं हलक्या हातानं गाडी चालवणारा माणूस मी या भागात पाहिला नाही. एकदा जामसांवलीच्या फाट्यावर त्याची पिकअप बंद पडली होती, ती मी सुरू करून दिली होती. ते त्यानं लक्षात ठेवलं. शर्यतीत गाडी तोच चालवणार होता. शेठ फक्त मालक म्हणून फोटोत उभा राहणार होता.

गोदामात शिरले तर बॉनेट उघडं होतं आणि नागपूरचा एक मनुष्य लॅपटॉप घेऊन गाडीच्या चाकाशी मांडी घालून बसला होता. त्याला सगळे गुरुजी म्हणत होते. त्यानं कुठंही काही शिकवलेलं नव्हतं. गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून द्यायचा त्याचा धंदा होता, आणि त्याच्या लॅपटॉपवर इतके स्टिकर होते की मूळ रंग दिसत नव्हता.

"या मॅडम," शेठ म्हणाला. "आडनाव काय म्हटलं तुमचं?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली, आणि तिथून पुढं मी मॅडमची ताई झाले. आडनाव ऐकून होणारा हा बदल आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न पेट्रोलचा होता. गुरुजींचं म्हणणं पडलं की कागदावर त्र्याण्णव ऑक्टेन लिहिलं आहे, आणि आपल्या पंपावरचं आताचं साधं पेट्रोल पंच्याण्णवचं येतं.

"म्हणजे आपण दोननं वरच आहो," शेठ म्हणाला. "गाडीले जे पाहिजे त्याहून भारी पाजून राहिलो आपण." जमलेले सगळे खूश झाले. एकानं टाळीही दिली.

मी कागद वाचला. त्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान लिहिलं होतं, आणि ते फॅरेनहाइटमध्ये होतं. इंधनाची टाकी गॅलनमध्ये.

"हे अमेरिकेतल्या माणसानं लिहिलंय," मी म्हणाले. "पहिल्या मालकानं गाडीचं सेटिंग तिकडून करून घेतलं असणार. तिकडचं त्र्याण्णव आणि आपलं त्र्याण्णव एक नाही. आपल्याकडे एका तपासणीचा आकडा पंपावर लावतात. तिकडे दोन तपासण्यांची सरासरी लावतात, म्हणून तिकडचा आकडा कमी दिसतो. त्यांचं त्र्याण्णव म्हणजे आपलं अठ्ठ्याण्णवच्या आसपास. तुम्ही दोननं वर नाही, तीननं खाली आहात."

मग गुरुजी हसले.

"मॅडमजी, आकडा तो आकडा होता है."

"कपड्याचं माप इंचात असते अन सेंटीमीटरमध्येही असते," मी म्हणाले. "शेठ, तुमची कंबर अडतीस असल तर अडतीस सेंटीमीटरची पँट शिवून घ्याल का?"

ड्रायव्हरला हसू आलं. त्यानं तोंड फिरवलं. शेठला आलं नाही. माझं बोलणं बरोबर असेल का, असा विचारसुद्धा त्याच्या चेहऱ्यावरून गेला नाही. बाईमाणूस दहा लोकांत आपल्या कमरेबद्दल बोललं, एवढंच त्याला ऐकू आलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलचा जोर, असं लोकांना वाटतं. तुपासारखं: जितकं जास्त तितकं अंगाला लागेल. खरं तर तो पेट्रोलचा धीर आहे. दाब आणि उष्णता वाढत गेली तरी ठिणगीची ज्वाळा पोहोचेपर्यंत न पेटता थांबायचा धीर. साध्या मोटरसायकलला शंभरचं पेट्रोल पाजलं तर ती काडीभरही जोरात पळणार नाही. पण टर्बो हवा कोंबून कोंबून आत भरतो, त्या दाबाला बूस्ट म्हणतात, आणि बूस्ट वाढवाल तितकं धीराचं पेट्रोल लागतं. म्हणून रस्ते दोनच. हाताशी आहे त्या पेट्रोलला झेपेल इतका बूस्ट कमी करायचा, नाहीतर बूस्टला पुरेल असं पेट्रोल आणायचं. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला दुपारच्या तासाला, अर्धा वर्ग पेंगत असताना समजतं.

शेठला समजलं नाही. म्हणजे त्याला पहिला रस्ता अपमानाचा वाटला. "बूस्ट कमी? मंग गाडी घेतली कायले?"

दोन दिवसांनी सकाळी ड्रायव्हरनं गाडी नागपूर रस्त्यावर काढली. मी आत बसायला नकार दिला, कारण तो रस्ता लोकांचा आहे, शर्यतीचा नाही. मी ढाब्यापाशी उभी राहिले. समोरून गाडी गेली तेव्हा इंजिनाच्या गर्जनेखाली मला तो आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात छर्रे टाकून हलवावं तसा. आठ वर्षं ऐकलेला.

गाडी परत आल्यावर मी म्हणाले, "नॉक करून राहिली."

"टर्बो की आवाज है," गुरुजी म्हणाले.

मी चारही प्लग काढायला लावले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या भागावर, भिंगातून पाहिलं तर, बारीक चंदेरी ठिपके होते. मिरपुडीच्या कणांएवढे. मी भिंग आधी ड्रायव्हरला दिलं.

"हे काय होय ताई?"

"हा पिस्टन होय, काकाजी. वितळून उडून राहिला कणाकणानं."

तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं प्लग शेठच्या हातात देऊन भिंग त्याच्या डोळ्यापुढं धरलं. शेठ फोनवर होता. त्यानं एका डोळ्यानं भिंगात पाहिलं, "हाव, हाव, दिसलं," म्हणाला आणि फोनवर आंबिया बहाराच्या संत्र्यांचा भाव सांगत राहिला. शेठनं प्लग उलटा धरला होता.

त्यानंतर बाटली आली. गुरुजींनी नागपुराहून आणलेली, ऑक्टेन वाढवायची. बाटलीवर लिहिलं होतं की ती ऑक्टेन तीस पॉइंटनं वाढवते. शेठनं मला मुद्दाम फोन करून गोदामात बोलावलं आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला: पंच्याण्णव अधिक तीस, एकशे पंचवीस.

"आता बोला ताई. विमानाचं पेट्रोल झालं की नाही?"

"शेठ, या धंद्यात पॉइंट म्हणजे दशांश," मी म्हणाले. "तीस पॉइंट म्हणजे तीन. तेही लहानशा टाकीत अख्खी बाटली ओतली तर. बाटलीवाले 'तीन' लिहीत नाहीत, कारण 'तीस' लिहिलं की तुमच्यासारखे घेतात."

'तुमच्यासारखे' हा शब्द मी टाळू शकत होते. टाळला नाही. मला तो म्हणताना मजा आली.

पण त्याचा उपयोग झाला, कारण शेठनं तिथंच चिडून जाहीर केलं की आपण नागपुराहून शंभरचं पेट्रोल आणू, ताईचं समाधान करू, आणि मग ताईनं तोंड उघडायचं नाही. मी कबूल केलं. शंभर पुरेसं होतं. मी कॉम्प्युटरचं सेटिंग गुरुजींसमोर बसून तपासलं, ठिणगीची वेळ थोडी मागं घ्यायला लावली, आणि घरी आले. पुढच्या शनिवारी गाडी जामसांवलीला हनुमानाच्या पायाशी नेऊन आणली. सावकाश नेली, टर्बोला काम न देता, तेवढ्याला साधं पेट्रोल चालतं. नारळ फुटला, हार पडला, शेठनं जाकीट घालूनच दंडवत घातलं.

शर्यत शेजारच्या एका जिल्ह्यातल्या जुन्या धावपट्टीवर होती. डिसेंबरातली सकाळ, कोवळं ऊन. मी ड्रायव्हरबरोबर, गाडी लादलेल्या ट्रकमधून गेले. शेठ आणि गुरुजी पुढं कारनं. तिथं मोठ्या शहरांतली माणसं होती, त्यांचे तंबू, त्यांची हत्यारं. त्यांच्यातले काही खरोखर जाणकार होते आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलून मला पुण्याची फार आठवण आली. आमच्या तंबूत दोन पांढरे कॅन ठेवले होते. त्यांवर गुरुजींनी मार्करनं '१००' लिहिलं होतं.

पेट्रोल पाहून त्याचं ऑक्टेन सांगता येत नाही. वासावरून नाही, रंगावरून नाही. त्याला मोठं यंत्र लागतं. शेठलाही कुणीतरी तेवढं सांगितलं असणार. पण मला एक माहीत होतं. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. नागपुरात जे शंभरचं मिळायचं त्यात नसायचं. आणि इथेनॉल शोधायला काचेची नळी आणि घोटभर पाणी पुरतं. मी आयटीआयतली मापाची नळी पदराआड लपवून नेली नव्हती. पिशवीतून सरळ काढली आणि टेबलावर ठेवली.

शंभर मापं पेट्रोल ओतलं, त्यावर दहा मापं पाणी. तोंड बंद करून हलवलं आणि ठेवलं. आजूबाजूच्या तंबूंतले चार लोक बघायला आले. शुद्ध पेट्रोल असतं तर खाली दहाच मापं पाणी उरलं असतं. इथेनॉल असलं की ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि पाणी फुगतं. आमचं पाणी बसता बसता तीसपाशी येऊन थांबलं.

"काकाजी," मी ड्रायव्हरला म्हणाले, "हे पांढुर्ण्याचं पेट्रोल होय. नागपूरचं नाही."

ड्रायव्हरनं शेठकडे पाहिलं. शेठनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी लॅपटॉप उघडला.

"अबे, जायला टाइमच नव्हता," शेठ शेवटी म्हणाला. "बाटली टाकली ना दोन्ही कॅनमधी. काय फरक पडते? अन तुमाले कोणी सांगतलं होतं हे पाणी-बिणी करायले? लोक पाहून राहिले."

"इथेनॉल से तो ऑक्टेन बढ़ता है, मॅडमजी," गुरुजी म्हणाले.

हे खरं होतं. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खरं वाक्य. इथेनॉलला स्वतःला धीर पुष्कळ असतो. म्हणूनच तर साधं पेट्रोल पंच्याण्णवला पोहोचतं. पण ती वाढ पंच्याण्णवच्या आकड्यात आधीच धरलेली असते. शिवाय इथेनॉल असलेलं पेट्रोल जास्त जाळावं लागतं आणि आमच्या गाडीचं सेटिंग तसं नव्हतं. म्हणजे इंजिन भुकेलं राहणार, आतून अधिक तापणार, आणि वर नॉक करणार. मी हे सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी शेठशी बोलतच नाही. शेजारच्या तंबूतल्या जाणकारांनी ऐकावं म्हणून बोलते आहे.

"बूस्ट एकदम खाली घ्या," मी म्हणाले. "डॅशबोर्डखालचं बटण पार डावीकडे फिरवा. गाडी हळू जाईल, पण धावेल. तुमचा फोटो निघेल."

"बटणाले हात लावायचा नाही," शेठ म्हणाला.

ड्रायव्हर पुढं आला. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि टेबलावर, नळीशेजारी ठेवलं.

"मी नाही बसत शेठ."

"काय?"

"बूस्ट खाली करत असान त बसतो. नाही त नाही."

"तुया बापाची गाडी हाय का बे?"

"नाही ना. म्हणून त नाही बसत."

शेठचा चेहरा लाल झाला. आजूबाजूचे लोक बघत होते, त्यातल्या दोघांच्या हातात फोन होते. त्यानं हेल्मेट उचललं. मला वाटलं फेकतो. त्यानं ते स्वतःच्या डोक्यात घातलं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहिते आहे ती सांगते. बॉनेट अजून उघडं होतं. फ्यूजची पेटी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. एक फ्यूज काढून पिशवीत टाकला असता तर गाडी जागेवरून हलली नसती, आणि त्या गुरुजीला तो फ्यूज शोधायला संध्याकाळ लागली असती. तेवढं मला सुचलं. स्पष्ट सुचलं. पिस्टन फुटून तापलेल्या टर्बोवर तेल उडालं तर काय होतं हेही मला माहीत होतं. प्रयोगशाळेत मी ते दोनदा पाहिलं होतं. मी बॉनेट बंद केलं, खटका नीट बसला की नाही ते दाबून पाहिलं, आणि हाताची घडी घालून बाजूला उभी राहिले. मला तो आवाज ऐकायचा होता. शेठला ऐकू यावा असं वाटत होतं.

गाडी सुटली. शेठला धड गिअर टाकता येत नव्हते, तरी इतका बूस्ट असलेली गाडी कुणाच्याही हाताखाली पळते. पहिल्या गिअरला छर्रे. दुसऱ्याला छर्रे. तिसऱ्याला, धावपट्टीच्या मध्यावर, मूठभर खिळे पंख्यात पडल्यासारखा एक आवाज झाला आणि मागून पांढरा धूर निघाला. इतका पांढरा आणि इतका दाट, की क्षणभर गाडीच दिसेना. मी हसले. ओठ न उघडता, पण हसले.

मग धुराच्या बुडाशी पिवळं काहीतरी दिसलं.

ड्रायव्हर माझ्या आधी पळाला. आग विझवायचं नळकांडं उचलून, पन्नाशीचा माणूस, चपला सोडून. गाडी थांबली होती. शेठ बाहेर पडला होता, शहाण्या माणसानं तिथून लांब पळावं, तर तो वळून पुढं गेला आणि बॉनेट उघडायला उघड्या हातानं त्याची कड धरली. हे त्यानं का केलं ते तो आजही सांगू शकत नाही. आयोजकांची गाडी आणि ड्रायव्हर एकदमच पोहोचले. आग मिनिटभरात विझली. शेठच्या उजव्या हाताचा पंजा आणि मनगट भाजलं, भुवया गेल्या. जाकीट शाबूत राहिलं.

मी पोहोचले तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि त्याच्या हातावर कुणीतरी पाणी ओतत होतं. तो रडत होता. आवाज न करता, लहान मुलासारखा खालचा ओठ बाहेर काढून. आमची नजरानजर झाली. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी गुडघ्यावर बसून गाडीखाली वाकले आणि तेल कुठून आलं ते पाहिलं.

परतताना ट्रकमध्ये मी आणि ड्रायव्हर दोघंच होतो. मागं जळकी गाडी. एका चहाच्या टपरीवर ट्रक बाजूला घेत तो म्हणाला, "ताई, एक विचारू का?"

"विचारा ना काकाजी."

"आग लागू शकते, हे माहीत होतं तुमाले?"

"हो."

"मले वाटलं, इंजिन जाईन. लोखंडाचं काय हाय, गेलं त गेलं. आगीचं सांगतलं असतं त मी चाबी काढून फेकली असती."

"शेठनं ऐकलं नसतं," मी म्हणाले.

"थो नसता आयकला." त्यानं इंजिन बंद केलं. "मी आयकलो असतो ना."

आम्ही चहा प्यालो. त्यानं माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा घेतला, जसा जाताना घेतला होता. पण सौंसर येईपर्यंत तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्या सगळ्या टोळक्यात मला ज्याच्या मताची किंमत वाटत होती असा तो एकच माणूस होता.

पुढच्या आठवड्यात आयटीआयच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. ते भले गृहस्थ, खुर्ची ओढून दिली आणि कसंनुसं होऊन म्हणाले, "मॅडम, पांढुर्ण्यात बोलून राहिले की तुम्ही शेठच्या पेट्रोलमध्ये पाणी टाकलं."

मला आधी कळेचना. मग नळी आठवली. शेजारच्या तंबूंतल्या लोकांनी मला पेट्रोलवर पाणी ओतताना पाहिलं होतं, दोघांनी ते फोनवर घेतलंही होतं. शेठनं किंवा गुरुजींनी त्यातलं एवढंच उचललं होतं. आयटीआयची बाई आली, तिनं पेट्रोलमध्ये पाणी घातलं, इंजिन फुटलं. गोष्ट छोटी, लक्षात राहणारी, समजायला सोपी. माझ्या गोष्टीत अमेरिका होती, सरासरी होती, दशांश होते. कुणाची चालणार हे उघड होतं. मी प्राचार्यांना तीच नळी आणून प्रयोग करून दाखवला. त्यांना पटला. ते म्हणाले, "पण हे मी गावाला कसं दाखवू?"

ड्रायव्हरची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली होती. त्याला त्याचं फार वाटलं नाही. मोहगावच्या एका शाळेनं बस दिली. त्याच्या हातात ती बस इतकी मऊ चालते म्हणे, की पोरं झोपून जातात.

एका रविवारी मी शेठच्या घरी गेले. दोन गोष्टी ठरवून गेले होते: पाण्याची अफवा त्याला चार लोकांत मागं घ्यायला लावायची, आणि मी त्याला अडवायला हवं होतं हे त्याला सांगायचं. कुठली आधी सांगायची यावर बसमध्ये सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत विचार केला.

बैठकीत शेठ लोडाला टेकून बसला होता. पंजाला पट्टी, मनगटावर नवी गुलाबी कातडी. भुवया परत उगवत होत्या, त्यामुळे चेहरा सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. गुरुजी होतेच. आणखी तीन-चार मंडळी. आणि काचेच्या कपाटात, देवीच्या फोटोच्या शेजारी, लाल मखमलीवर तो पिस्टन ठेवलेला. मध्यभागी बोटभर भोक. मी कपाटाजवळ गेले. पिस्टनचा माथा वाळूनं घासल्यासारखा खरबरीत झाला होता, कडेचा तुकडा उडाला होता. घाव घालत घालत किती वेळ हे चाललं होतं, शेवटी कुठून वितळलं, सगळं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. बैठकीतल्या एकालाही ते वाचता येत नव्हतं, आणि प्रत्येक पाहुण्याला ते दाखवलं जात होतं.

"पहा ताई," शेठ म्हणाला, "केवढा पॉवर होता गाडीत. लोखंड फाडून निघाला."

"ॲल्युमिनियम आहे," मी म्हणाले.

"पुढची गाडी बघून राहिलो आता. गुरुजी म्हणते एकशे दहाचं पेट्रोल मागवू, डब्यात येते बाहेरून."

"पानी टाकूच देणार नाही आता कोनाले," मंडळींपैकी एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

"मी पाणी नळीत टाकलं होतं," मी म्हणाले. "टाकीत नाही. शेठनं पाहिलंय. शेठ, सांगा."

शेठनं हात हलवला, पट्टीचा हात, मोठ्या मनानं. "जाऊ द्या ना ताई. मी काही मनावर नाही घेतलं. झालं गेलं. बसा, पाणी घ्या."

त्यानं मला माफ केलं होतं. चार लोकांत, न केलेल्या गोष्टीबद्दल. मी पाणी प्याले, दहा मिनिटं बसले, एकशे दहाच्या पेट्रोलनं गाडी कशी उडेल ते ऐकून घेतलं. ज्या गाडीला अठ्ठ्याण्णव पुरतं तिला एकशे दहा घालून काहीही मिळत नाही, हे सांगितलं नाही.

निघाले तेव्हा तो रिवाजाप्रमाणे दारापर्यंत आला. तिथं आम्ही दोघंच होतो. दुसरी गोष्ट उरली होती. मी ती चटकन सांगून टाकली.

"शेठ, त्या दिवशी मी तुम्हाला थांबवायला पाहिजे होतं. मला थांबवता आलं असतं. मी मुद्दाम गप्प राहिले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, असं मला वाटलं. कपाळाला आठी पडली. मग ती गेली.

"तुमी?" तो म्हणाला. "मले?"

आणि तो हसला. त्यात राग नव्हता, कुचकेपणा नव्हता. मनापासून, पोट धरून हसला, आणि हसत हसतच बैठकीतल्या लोकांना सांगायला आत वळला. मी चपला घातल्या. फाटकापर्यंत जाताना आतून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला.

स्टँडवर सौंसरची बस लागलेली होती. मला खिडकी मिळाली. बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याच्याविषयीची तुच्छता पुन्हा पहिल्यासारखी, काठोकाठ भरून आली आहे, आणि तिच्यामुळे मला मोकळं मोकळं वाटतं आहे. एवढं मोकळं वाटायला नको होतं.